दानपेटीत टाकून माणसाचं देणं फिटतं का?

गव्हाण (रविवार, रात्री १०:१५)

सर्वांना सलाम आणि जय ख्रिस्त.

बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो. आज लिहितोय, कारण आज महिन्याचा पहिला रविवार. देवळात भाकर आणि पेल्याचं प्रभुभोजन होतं. सगळे वेदीपुढे गुडघे टेकायला उठले आणि मी बाकावरच बसून राहिलो. बायकोनं पाहिलं. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. जेवणं झाल्यावर भांडी आवरता आवरता म्हणाली, "देवाला ठाऊक आहे काय झालंय ते. मलाही सांगा."

तिला सांगितलं तेच इथे लिहितो.

मी नेवासा तालुक्यातला. शेती थोडी आहे, आणि घरापुढच्या ओट्यावर अकरा वर्षांपासून दूध संकलन केंद्र चालवतो. दोन्ही वेळचं मिळून गाईचं ४२० लिटरच्या आसपास दूध येतं, ४६ उत्पादक आहेत. वळवाच्या पावसात वीज कमीजास्त झाली आणि दुधातलं फॅट मोजायचं मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाला आला, दोन तास बसला, सेटिंग करून गेला. त्यानंतर मशीन प्रत्येकाच्या दुधाला दोन पॉइंट फॅट कमी दाखवू लागलं. ज्याचं ३.८ त्याला ३.६, ज्याचं ३.५ त्याला ३.३. लोकांना वाटलं पावसाळा लागला, हिरवा चारा सुरू झाला, फॅट उतरणारच. दरवर्षी थोडं उतरतंच, म्हणून कुणी शंका घेतली नाही.

मी उत्पादकांना माझ्या मशीनच्या आकड्यावर बिल देतो. मला वरून बिल येतं ते डेअरीच्या प्लँटवर तपासलेल्या आकड्यावर. पॉइंटमागे ३० पैसे. म्हणजे लिटरमागे ६० पैसे माझ्याकडे राहत होते. दिवसाला २५२ रुपये, दहा दिवसांच्या बिलाला २,५२०.

पहिली दोन बिलं माझ्या ध्यानात आलं नाही, हे देवाला स्मरून सांगतो. तिसऱ्या बिलाला आलं. वही समोर होती, आकडा दिसत होता. मी वही मिटली. मनात म्हणालो, बघू पुढच्या बिलाला. तसं करत पाच बिलं गेली. सत्तर दिवसांचे १७,६४० रुपये झाले.

गेल्या आठवड्यात गर्बर पद्धतीनं, म्हणजे दुधात आम्ल घालून, फॅट स्वतः तपासलं आणि मशीन नीट लावून घेतलं. आता चूक बंद आहे. प्रश्न मागच्या पैशांचा आहे. सगळी रक्कम पाकिटात घालून हंगामाच्या सणाला देवाच्या पेटीत टाकावी, नाव लिहू नये, असा विचार होता. तेच ठरवून आज देवळात गेलो होतो. पण भाकर घ्यायला उठायची वेळ आली तेव्हा पाय उचलेना. कुठेतरी चुकतंय एवढं कळतंय. तुम्ही काय केलं असतं?

तिसगावकर (रविवार, रात्री ११:०२)

दादा, तुम्ही प्रामाणिक आहात म्हणून हे लिहिलंत. पण थोडं व्यवहारानं बघा. उद्या ४६ जणांना सांगितलंत की मशीन चुकीचं होतं, तर ते सत्तर दिवसांचं नाही, अकरा वर्षांचं मागतील. गावात दुसरं केंद्र निघायला वेळ लागत नाही. घर त्याच्यावर चालतं ना तुमचं?

माझं मत सांगतो. पुढचे सत्तर दिवस सगळ्यांना लिटरमागे ६० पैसे जास्त द्या. दिवाळीचा बोनस म्हणा, काहीही म्हणा. पैसे ज्याचे त्याला जातील आणि तोंडही उघडावं लागणार नाही. पेटीत टाकण्यापेक्षा ते बरं. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं, आणि देवासमोर उभं राहायला मला लाज वाटली नसती.

कुपारी (सोमवार, सकाळी ६:४०)

मी वसईचा, कॅथोलिक. आमच्याकडे लहानपणापासून कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करायला, जायची सवय. प्रायश्चित्त संस्कार म्हणतात आता पुस्तकात, घरात मात्र कुमसारच. मी बारा-तेरा वर्षांचा असताना शेजारच्या वाडीतून केळीचा एक लोंगर तोडला होता आणि तो विकून पैसे खर्च केले होते. कुमसाराला सांगितलं. फादरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ज्याची केळी त्याला दिलेस का पैसे?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "क्षमा देव देतो. पण केळी देवाची नव्हती, त्या माणसाची होती."

आमची शिकवणच तशी आहे. चोरलेलं किंवा अन्यायानं मिळवलेलं परत केल्याशिवाय त्या पापाची भरपाई होत नाही. तिथे जक्कयाचाच दाखला देतात. यरीहोचा तो जकातदारांचा मुखिया, उंबरावर चढलेला. प्रभूनं त्याला खाली बोलावलं, त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो. बघा, दोन वेगळी वाक्यं आहेत ती. गरिबांना देणं वेगळं, फसवलेल्याला परत करणं वेगळं. त्यानं दोन्हींची बेरीज करून मंदिराच्या भांडारात टाकली नाही.

तिसगावकरांचा बोनसचा मार्ग मलाही पहिल्यांदा बरा वाटला. पण मग लोक तुमचे आभार मानतील. ज्यांचे पैसे तुम्ही घेतले तेच लोक, तेच पैसे परत मिळाले म्हणून, तुम्हाला उदार म्हणतील. ते तुम्हाला झेपेल का? मला झेपलं नसतं.

आणखी एक. आमच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना सगळा महाराष्ट्र साहित्यिक म्हणून ओळखतो. २०२० मध्ये उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष होते. पण वसईतल्या जुन्या माणसांना ते आठवतात हरित वसईच्या लढ्यातले, झग्यासकट रस्त्यावर उतरलेले. जमीन आणि विहिरीचं पाणी हा उपासनेचाच विषय आहे, असं ते मानायचे. दूध का नसावं?

जुना पाळक (सोमवार, सकाळी ९:२०)

प्रिय बंधू, सलाम.

चाळीस वर्षं पाळक होतो, आता निवृत्त आहे. तुम्ही पाकीट पेटीत टाकलं असतंत तर आमच्यासारख्यांनी ते आनंदानं मोजून वहीत लिहिलं असतं, गुप्तदान म्हणून. म्हणून आधी तुमचे आभार मानतो की तुम्ही थांबलात.

पवित्र शास्त्र या बाबतीत फार स्पष्ट आहे आणि आम्ही व्यासपीठावरून ते फार कमी सांगतो. लेवीय सहाव्या अध्यायात शेजाऱ्याला फसवून घेतलेल्या वस्तूचा नियम आहे. मूळ रक्कम पूर्ण द्यायची, वर तिचा पाचवा हिस्सा, आणि ती ज्याची त्याला द्यायची. दोषार्पणाचा मेंढा याजकाकडे न्यायचा, पण म्हणून मालकाचं देणं सुटत नाही, ते त्याच दिवशी त्याच्या हातात द्यायचं. गणना पाचव्या अध्यायात हाच नियम पुन्हा येतो आणि तिथे एक बारीक गोष्ट आहे. ज्याचं देणं आहे तो माणूस राहिला नसेल आणि त्याचा जवळचा नातलगही नसेल, तरच ती रक्कम परमेश्वराला, म्हणजे याजकाकडे जाते. पेटीचा क्रमांक शेवटचा आहे.

आणि प्रभू येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात काय सांगितलं? वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग येऊन अर्पण कर. काल तुम्ही बाकावर बसून राहिलात ते त्या वचनाप्रमाणेच झालं. घाबरू नका. प्रभुभोजन पळून जात नाही. पुढच्या महिन्यात पहिला रविवार आहेच.

चौपट द्यायचं की पाचवा हिस्सा वर द्यायचा, हा वाद मी घालणार नाही. जक्कयानं जे केलं ते त्याच्या आनंदातून केलं, त्याला कुणी आकडा सांगितला नव्हता. तुमची ऐपत आणि तुमचं मन तुम्ही जाणता.

चैत्रपालवी (सोमवार, दुपारी १:१०)

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका. आपण गावात मूठभर. एकानं चूक केली की "ते ख्रिस्ती लोक असेच" म्हणायला लोक तयार असतात. माझ्या वडिलांना एका हिशोबाच्या गोंधळावरून वीस वर्षं ऐकून घ्यावं लागलं, आणि चूक त्यांची नव्हतीही. दादा ओट्यावर उभे राहून सांगतील, पण ऐकावं लागेल त्यांच्या मुलांना, शाळेत. त्याचा विचार करावा असं मनापासून वाटतं.

पैस (सोमवार, संध्याकाळी ७:३०)

मी ख्रिस्ती नाही, वारकरी आहे. दादांच्याच तालुक्यातला. ज्ञानोबारायांनी १२९० मध्ये जिथे ज्ञानेश्वरी सांगितली ते नेवासे माझं गाव, तिथल्या पैसाच्या खांबावरून हे नाव घेतलंय. परवानगी असेल तर बोलतो.

चैत्रपालवीताई, तुमची भीती खोटी नाही. आमच्याच लोकांनी ती तुमच्यात घातली आहे, ते मला मान्य आहे. पण दुसरी बाजूही सांगतो. माझ्या वडिलांनी आयुष्यभर एका ख्रिस्ती मास्तरांचं नाव घेतलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. शाळेतल्या शिल्लक खडूचा हिशोब ते सुट्टी लागायच्या दिवशी लिहून द्यायचे. कुणी मागितला नव्हता. वडील म्हणायचे, "त्या माणसाचा देव खडूच्या खोक्यात पण होता."

तुकोबांनी दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, हे आम्ही कीर्तनात ऐकतो. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन व्याजाची वही उघडतात. तुमचे रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊनही अभंग लिहीत राहिले, आमच्याच छंदात. त्यामुळे हा प्रश्न मला परका वाटत नाही. दादा, सांगून टाका. गाव तुम्हाला वाटतं तेवढं वाईट नाही.

आजी वडाळ्याची (सोमवार, रात्री ९:०५)

नातू टाइप करून देतोय, मी सांगतेय.

लेकरा, तुझं सगळं ऐकलं. माझी सासू केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, ही त्याच्यानंतर तिथे आली. पण त्यांची शिस्त तिथे होती तशीच होती. पोरींना छापखाना, हातमाग, गोठा, सगळं काम शिकवायचे. सासू सांगायची, प्रार्थनेला डोळे मिटायचे तितक्याच मनानं दुधाची भांडी घासायची. भांड्याच्या काठाखाली बोट फिरवून बघायचे. वरून चकचकीत आणि काठाखाली चिकट असेल तर पुन्हा घासायला लावायचे. ती म्हातारी झाली तरी माझ्या घासलेल्या भांड्याच्या काठाखाली बोट फिरवायची. मला राग यायचा तेव्हा.

आता तुला एक विचारते. पैशाचं तू बरोबर सांगितलंस, आकड्यासकट. पण त्या सत्तर दिवसांत कुणाला काही बोललास का? कुणाचं दूध परत पाठवलंस का? फॅट कमी आलं की केंद्रावर माणसं काय बोलतात ते मला माहीत आहे. माझ्या मालकानं पण दूध घातलेलं आहे.

गव्हाण (सोमवार, रात्री ११:४८)

आजी, सलाम. तुमचा प्रश्न वाचून दोन तास लिहिता आलं नाही.

हो. बोललो.

आमच्या वस्तीच्या पलीकडे एक नाना आहेत. साठीच्या पुढचे. दोन गाई, बारा-चौदा लिटर दूध. सहा वर्षांत त्यांच्या दुधाची कधी तक्रार नव्हती. जुलैत एका सकाळी त्यांचं फॅट ३.० आलं. प्लँटचा नियम आहे, ३.२ च्या खाली घ्यायचं नाही. गर्दीची वेळ होती, आठ-दहा माणसं रांगेत होती. मी चिठ्ठी फाडून त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "नाना, दुधात पाणी पडलं काय?"

हसत म्हणालो होतो. मागचे दोघे-तिघे हसले. नानांनी चिठ्ठी बघितली, घडी घालून खिशात ठेवली, किटली उचलली आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. आता ते तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्राला दूध घालतात. सायकलला किटली अडकवून जाताना माझ्या ओट्यावरूनच जातात.

तेव्हा सहा बिलं झाली होती. म्हणजे मला माहीत होतं की मशीन कमी दाखवतंय. माहीत असताना मी ते वाक्य बोललो. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सतरा हजारांचा हिशोब मांडताना नानांच्या नावापुढे तेवढ्या दिवसांचे पैसे लिहिले होते आणि पुढे गेलो होतो.

आजी वडाळ्याची (मंगळवार, सकाळी ७:१५)

मग लेकरा, काठाखालचं तेच आहे. पैसे घरोघर दे. पण नानाला घरी जाऊन माफी मागून भागायचं नाही. घरात मागितलेली माफी नानाला ऐकू येईल, रांगेतल्या माणसांना नाही. ज्या ओट्यावर बोललास त्याच ओट्यावर, तसल्याच गर्दीच्या वेळी. मी प्रार्थना करते.

रात्रपाळी (मंगळवार, पहाटेची ड्यूटी संपल्यावर)

मी परिचारिका आहे, पुण्यात. काल रात्री वॉर्डात बसून हा धागा वाचला आणि एक चार्ट उघडला.

आमच्याकडे काही पेशंटचं तापमान, नाडी, बीपी दर चार तासांनी लिहायचं असतं. रात्री दोन वाजताचं बघायला कधी जमत नाही. दुसरीकडे कुणी गंभीर असतं. मग सहा वाजता बघितलं की दोनच्या रकान्यात मधला एक आकडा लिहून टाकायचा, अशी पद्धत पडून जाते. कुणी शिकवत नाही, बघून बघून येते. मीही लिहिले आहेत असे आकडे. पेशंटला त्यानं काही झालं नाही, म्हणून ते मला कधी खोटं वाटलंच नाही. आणि मी ड्यूटीवर जाताना रोज बसमध्ये प्रार्थना करते, "प्रभू, माझ्या हातून तुझी सेवा होऊ दे."

काल दोनचा रकाना रिकामा होता. मी त्यात लिहिलं, "२ वाजता पाहिले नाही, ४:१० ला पाहिले," आणि सही केली. सकाळी इन्चार्ज सिस्टर बोलल्या. बोलणारच होत्या. पण वॉर्डातून बाहेर पडताना इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की बसमधली प्रार्थना आणि वॉर्डातली मी एकच बाई आहोत.

दादा, तुमच्यासाठी आज प्रार्थना करून झोपते.

मोकळं आभाळ (मंगळवार, दुपारी ३:४०)

धागा फार मोलाचा चालला आहे, म्हणून एक बोचणारी गोष्ट इथेच ठेवतो. आपण वजनकाट्याबद्दल बोलतोय. आपल्याच मंडळीत लग्न ठरवताना कुठला काटा लावतो? आमच्या जिल्ह्यात मिशनच्या काळात जी माणसं आली ती बहुतेक महार-मांग वस्तीतली, थोडी वरच्या जातींतली. एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेणारी. आणि आज, चार पिढ्यांनी, मुलीचं स्थळ आलं की हळूच विचारतात, "मूळचे कोण?" माझ्या बहिणीच्या लग्नात विचारलं गेलं. विचारणारे देवळाच्या पंच कमिटीवर होते. लक्ष्मीबाई टिळकांनी आयुष्याच्या मध्यावर आपलं सोवळं सोडलं, त्याचा आपल्याला अभिमान आहे, आपण त्यांचं नाव सांगतो. आपण मात्र सोडलेलं पुन्हा उचललं.

विषय भरकटला असेल तर क्षमस्व. पण हेही कुणाचं तरी देणंच आहे.

जुना पाळक (मंगळवार, संध्याकाळी ६:००)

भरकटलेला नाही. मी पाळक असताना असा प्रश्न विचारणाऱ्या दोन कुटुंबांची लग्नं लावली आहेत आणि तेव्हा गप्प बसलो आहे. त्यातल्या एका मुलीचे वडील अजून आहेत. त्यांच्याकडे जाईन.

गव्हाण (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:३०)

सर्वांना सलाम. बरेच जण विचारत होते, म्हणून सविस्तर लिहितो.

१७,६४० आणि त्याचा पाचवा हिस्सा ३,५२८, असे २१,१६८ झाले. चौपट देण्याची ऐपत नव्हती. एक कालवड विकली. बायको म्हणाली, कर्ज काढून परतफेड नको. प्रत्येकाचा हिशोब वेगळ्या कागदावर लिहिला. रोजचं सरासरी दूध किती, दिवस किती, मूळ रक्कम, वरची रक्कम, आणि खाली एक ओळ, "मशीन चुकीचे होते. मला तिसऱ्या बिलाला कळले होते. मी सांगितले नाही." ती ओळ ४६ वेळा लिहिताना हात दुखला. मुलगी म्हणाली, झेरॉक्स काढू. मी नको म्हणालो.

घरोघर गेलो. सहा दिवस लागले. सगळ्यात मोठी रक्कम ३,०२४ ची होती, साठ लिटरवाल्या बागायतदाराची. त्यांनी कागद वाचला, पैसे मोजून घेतले आणि म्हणाले, "मागच्या वर्षीचं काय?" तिसगावकर म्हणाले होते तसंच. मी मागच्या दोन वर्षांच्या दोन्ही वह्या, माझी आणि प्लँटची, त्यांच्यापुढे ठेवल्या. ते तासभर बसले. फरक निघाला नाही. तरीही पुढच्या दिवसापासून त्यांचं दूध दुसरीकडे जातं. साठ लिटर गेलं. आणखी दोघांचं गेलं.

एक बाई आहेत, एकच गाय, नऊ लिटर दूध, नवरा वारलेला. त्यांचे ४५४ रुपये निघाले. त्यांनी कागद उलटसुलट केला, वाचता येत नाही त्यांना. मी वाचून दाखवला. त्या ओळीपाशी आलो आणि आवाज फुटेना. त्यांनी घोटभर चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "जुलैत पोराची फी भरायला शंभर रुपये कमी पडले होते, उसने घेतले होते." तेवढंच बोलल्या. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. ते शंभर रुपये अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

एका म्हाताऱ्या बाबांची एक गाय होती, चार लिटरची. ते ऑगस्टमध्ये वारले. मूलबाळ नाही, भाऊबंद कोणी सापडले नाहीत, दोन गावांत विचारून आलो. त्यांचे २०२ रुपये.

आता नाना. आधी घरी गेलो. त्यांनी पैसे घेतले नाहीत. आजी, तुमचे शब्द मी त्यांना सांगितले नव्हते, पण ते म्हणाले, "पैसे ठेव तुझ्यापाशी. ओट्यावर बोललास ना? ओट्यावर सांग."

गुरुवारी सकाळी साडेसहाला सांगितलं. नाना सायकल लावून उभे होते, किटली हँडलला. रांगेत चौदा माणसं होती. मी मशीन बंद केलं. त्याची पिपाणी बंद झाल्यावर एकदम शांत झालं. काय सांगायचं ते लिहून ठेवलं होतं, तो कागद खिशातच राहिला. मी म्हणालो, "जुलैत मी नानांना विचारलं होतं, दुधात पाणी पडलं काय. पाणी नव्हतं. मशीन चुकीचं होतं आणि ते मला माहीत होतं. खोटा मी होतो, नाना नव्हते." कुणी काही बोललं नाही. मागून एकजण खोकला. नानांनी पैशाचं पाकीट घेतलं, न मोजता बंडीच्या आत घातलं, आणि सायकल काढली. दूध त्यांनी त्या दुसऱ्या केंद्रालाच नेलं. आजही तिकडेच नेतात. फक्त आता जाताना ओट्याकडे बघून मान हलवतात.

चैत्रपालवीताई, मुलाला शाळेत एकजण बोलला. काय बोलला ते मुलानं सांगितलं नाही. "मी बघतो" म्हणाला. तुमची काळजी खरी ठरली, ते लपवत नाही.

पैस दादा, तुमच्या गावचे दोघेजण काल मुद्दाम येऊन दूध घालून गेले. तुम्हीच पाठवलं असेल असं वाटतं.

आज देवळात बाबांचे २०२ रुपये पेटीत टाकले. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं तसं, त्यांना दुसरं कुणी नाही म्हणून. प्रभुभोजन पुढच्या रविवारी आहे.

एक व्यवहाराचा प्रश्न आहे, जाणकारांनी सांगावं. मशीन परत बिघडलं तर मला लगेच कळायला हवं. काय करू?

गोठा ते पेला (रविवार, रात्री १०:२०)

मी दुग्धशाळेत प्रयोगशाळेचं काम करतो. दर दहा दिवसांच्या बिलाआधी एक गर्बर घ्या. १० मिली सल्फ्युरिक आम्ल, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, नीट हलवून सेंट्रीफ्यूज, मग ६५ अंशाच्या पाण्यात ठेवून आकडा वाचा. त्याच दुधाचा मशीनचा आकडा शेजारी लिहा. आम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि आम्लावर दूध सोडताना नळीच्या कडेनं हळू सोडा. वीज गेली-आली किंवा दुरुस्तीवाला येऊन गेला की त्याच दिवशी एक जास्तीचं घ्या. आणि जमलं तर हे सगळं ओट्यावर, उत्पादकांसमोर करा.

गव्हाण (रविवार, रात्री १०:५५)

धन्यवाद दादा. सेंट्रीफ्यूज हातानं फिरवायचं आहे माझ्याकडे, जुनं. उद्या ते ओट्यावर आणून ठेवतो. दोन्ही आकड्यांसाठी फळ्यावर दोन रकाने आखले आहेत, मुलीनं आत्ताच.